ताटीबाहेर उभी सहा माणसं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कृष्णाकाठच्या एका गावात नववीला मराठी शिकवते. नोकरीचं हे सातवं वर्ष. अलीकडच्या कविता, कथा मुलं आवडीनं ऐकतात, पण संतवाणी किंवा जुनं गद्य आलं की वर्गावर मरगळ येते. "बाई, अर्थ फळ्यावर लिहून द्या," एवढंच मागणं. मी लिहून देते, ती उतरवून घेतात, परीक्षेत तसंच्या तसं लिहितात. पुढच्या वर्षी विचारावं तर पाटी कोरी.

म्हणून यंदा वेगळं करून पाहिलं. जनाबाईंच्या अभंगावर चित्र काढायला सांगितलं, तर सगळ्या वर्गानं कॅलेंडरवरची जनाबाई काढली, शेजारी जात्याला हात लावलेला विठोबा. मग 'मी झाशीची राणी बोलतेय' असं स्वगत लिहायला दिलं, तर मालिकेतले संवाद आले. मुख्याध्यापक म्हणतात पोर्शन मागं पडतोय. एका पालकांनी विचारलं, "मराठीच्या तासाला चित्रं कशाला?" आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ते म्हणाले, "संतांच्या ओळींशी पोरांना खेळू देऊ नका."

माझं चुकतंय का? हा नाद सोडून द्यावा का?

तुमची वाचक, एक शिक्षिका


प्रिय बाई,

नाद सोडू नका. काम मात्र बदला. जनाबाईंचं ते चित्र काढायला कुणालाच अभंग उघडावा लागला नाही, कारण ते आधीपासून घराच्या भिंतीवर होतं. राणीचं स्वगत लिहायलाही एक पान उलटावं लागलं नाही. पुस्तक मिटलेलं ठेवून जे काम पुरं होतं, त्यातून पुस्तक कळायचं कसं? चित्र असो, पत्र असो, नवा अभंग असो, तो मजकुरातल्या एखाद्या शब्दातून निघाला पाहिजे आणि मुलाला पुन्हा त्या शब्दापाशी घेऊन आला पाहिजे. माझं सगळं सांगणं याच्याभोवतीच आहे.

मला हे उशिरा कळलं, आणि एका चुकलेल्या चित्रामुळे कळलं. ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

नववीचाच वर्ग होता. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग चालले होते. प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. बाहेर कुणीतरी टाकून बोललं, ज्ञानेश्वर येऊन ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत काढते आहे.

योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥
विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी ॥
शब्दशस्त्रे झाले क्लेश । संती मानावा उपदेश ॥
विश्वपट ब्रह्मदोरा । ताटी उघडा ज्ञानेश्वरा ॥

मी अर्थ सांगितला, फळ्यावर लिहिला, मुलांनी उतरवून घेतला. तास संपायला बराच वेळ होता. म्हटलं, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं ही जागा काढा. मुक्ताबाई कुठे उभी आहे, तिच्यासमोर काय आहे, आजूबाजूला काय आहे, एवढंच. चेहरे काढू नका.

फिरता फिरता एका मुलीच्या बाकापाशी थांबले. पहिल्या पाचात येणारी मुलगी, अक्षर मोत्यासारखं. तिनं बंद दार काढलं होतं, दाराबाहेर मुक्ताबाई, आणि तिच्यामागे ओळीनं सहा पुरुष, माना खाली घातलेले. विचारलं, "हे कोण?" म्हणाली, "ज्यांनी अपराध केला ते." "सहाच का गं?" तिनं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. 'साही अपराध जनाचा.' तिच्या वाचण्यात तो सहाही जणांचा अपराध होता.

मी तिची वही उलटून पाहिली. पुढच्या पानावर तिच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, 'योगी लोकांचे अपराध सहन करतो.' उत्तर बरोबर. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते, आणि ती सहा माणसं तिच्या मनात कायमची उभी राहिली असती. फळ्यावरचा अर्थ आणि पुस्तकातली ओळ यांची तिच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. किती वर्षं, किती मुलांच्या बाबतीत हेच झालं असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

उरलेला तास आम्ही 'साही' या एका शब्दावर घालवला. साहणे म्हणजे सोसणे. हा शब्द मेलेला नाही. 'आता साहवत नाही' असं मुलांच्या आज्या अजून म्हणतात. योगी साही म्हणजे योगी सोसतो. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे 'करी', 'बोले' तसं?" हो, अगदी तसंच. जुन्या मराठीच्या क्रियापदांवर मी कधी वेगळा तास घेतला नव्हता, तो त्या दिवशी आपोआप झाला. त्या मुलीनं चित्र खोडलं नाही. सहा जणांच्या खाली तिनं लिहिलं, 'हे ओळीत नाहीत.' ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

चित्राचा हा उपयोग आहे. 'अपराध सहन करतो' असं लिहिताना मुलाला काही पाहावं लागत नाही. काढायला बसलं की प्रश्न टाळता येत नाहीत. किती माणसं? कुठे? दार कशाचं?

दाराचंच घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची चित्रं भिंतीला लावली, तर बहुतेकांनी लाकडी फळ्यांचं दार काढलं होतं, वर कडी-कोयंडा. ताटी म्हणजे काय हे मी सांगितलंच नव्हतं. 'ताटी म्हणजे दार' असं सांगून पुढे गेले होते. ताटी म्हणजे कामट्यांचं, कुडाचं विणलेलं हलकं दार, आडोशापुरतं. तुमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांच्या तोंडाला काय लावलेलं असतं ते मुलांना पाहून यायला सांगा. वर्गात त्या घरांतलं एखादं मूल असेल, तर त्या दिवशी तेच इतरांना शिकवील, आणि ते होऊ द्या.

एकदा ताटी डोळ्यांसमोर आली की अभंग पालटतो. तिच्यातून आवाज जातो, म्हणजे मुक्ताबाईला ओरडावं लागत नाही, हळू बोललं तरी आत ऐकू जातं. फटींतून उजेड जातो, म्हणजे आत बसलेल्याला बाहेर कुणीतरी उभं असल्याची सावली दिसते. आणि ती एका हातानं ढकलली तर उघडेल. हे लक्षात आल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात कधी बोलला नव्हता, त्यानं विचारलं, "बाई, मग ती ढकलत का नाही?"

मला वाटतं, या अभंगांबद्दल याहून चांगला प्रश्न विचारता येणार नाही. धाकटी बहीण, हातभर अंतरावर मोठा भाऊ, मध्ये लोटलं तर उघडेल असं दार, आणि ती उघडायला सांगते आहे, पुन्हा पुन्हा, प्रत्येक अभंगाच्या शेवटी. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हाही परंपरेच्या हिशेबानं मुक्ताबाई विशीच्या आतच होती, म्हणजे तुमच्या बाकांवरच्या मुलींपेक्षा फार मोठी नव्हे. हे मुलांना सांगायला विसरू नका.

सगळंच काढायला लावू नका मात्र. 'विश्वपट ब्रह्मदोरा' या ओळीचं चित्र मागितलंत तर पृथ्वीचा गोल आणि त्याभोवती दोरी येईल. तिथे मी मांजरपाटाचा वीतभर तुकडा नेला होता. पहिल्या बाकावर दिला आणि म्हटलं, एकेक धागा ओढून काढा आणि पुढच्या बाकावर द्या. तुकडा शेवटच्या बाकाकडे जाता जाता विरत गेला, आणि टेबलावर सुतांचा गुंता तेवढा उरला. विचारलं, कापड कुठे गेलं? कुणी टाकलं का? नाही. जे होतं ते सगळं टेबलावर आहे, फक्त त्याला आता कापड म्हणता येत नाही. मग ती ओळ पुन्हा वाचली. सगळं एकाच सुताचं असेल तर रागवायचं कुणी आणि कुणावर, हे मुक्ताबाईनं ताटी उघडा म्हणण्याच्या अगदी आधी का म्हटलं, ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता लेखनाचं. ज्ञानेश्वर आतून काय म्हणाले ते या अभंगांत नाही. ही रिकामी जागा मुलांच्या लेखणीसाठी चांगली आहे, पण 'तुमच्या मनानं काहीही लिहा' म्हणालात की स्वगतासारखंच होईल. बंधन घाला. मुक्ताबाईचा निदान एक शब्द उचलून त्याला उत्तर द्यायचं, आणि तिच्याच मापात. वरच्या ओळी मोजून पाहायला लावा. बहुतेक चरण आठ अक्षरांचे आहेत, कुठे कुठे नऊ, आणि दोन चरणांच्या शेवटी यमक. मुलं बोटांवर अक्षरं मोजू लागली की वर्गाचा नूर बदलतो. मोजायला ओळ म्हणावी लागते, आणि चार वेळा म्हटलेली ओळ पाठ होते.

काहींनी ज्ञानेश्वरांचं उत्तर लिहिलं. एकानं विचारलं, "घरातलं भांडण चालेल का?" म्हटलं चालेल, पण तिचे शब्द हवेत. त्यानं लिहिलं:

आई रागे झाली वन्ही । मीही झालो नाही पाणी ॥
दार लावून बसलो । भूक लागता हसलो ॥

नववीचा मुलगा आहे आणि त्यानं 'वन्ही' हा शब्द योग्य जागी, योग्य अर्थानं, स्वतःच्या घरासाठी वापरला आहे. 'वन्ही म्हणजे अग्नी' हे शंभर वेळा लिहून घेतलं असतं तरी हे झालं नसतं. आणि दुसरा चरण पाहा. संतांनी पाणी व्हावं हे त्याला कळलं आहे, आणि आपण झालो नाही हेही तो कबूल करतो आहे. माझे डोळे भरून आले होते.

इथे तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे येते. त्यांची काळजी खरी आहे, ती बाजूला सारू नका. त्यांच्याशी बोलताना एकनाथांची एक ओवी बरोबर न्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकलता नकलता त्या ग्रंथात लोकांनी आपापलं बरंच घुसडलं होतं. काम पुरं झाल्यावर त्यांनी बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठी । जो ओवी करील मऱ्हाठी ।
तेणे अमृताचे ताटी । जाण नरोटी ठेविली ॥

ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली, असं. (मुलांना इथली 'ताटी' दाखवा. मुक्ताबाईची ताटी दार आहे, नाथांची ताट. एकच अक्षरं, दोन वस्तू. वर्गाला हे फार आवडतं.) आणि याच नाथांनी भारुडं लिहिली. जोशी होऊन, वासुदेव होऊन, विंचू चावलेला माणूस होऊन, दारात जोहार घालणारा महार होऊन ते बोलले. दुसऱ्याच्या तोंडानं बोलणं त्यांना वर्ज्य नव्हतं. दुसऱ्याच्या ग्रंथात आपलं मिसळून ते त्याचंच म्हणून पुढे सरकवणं त्यांना अमान्य होतं.

वर्गात हाच नेम ठेवा. मुलानं जे लिहिलं ते त्याच्या नावावर, वेगळ्या कागदावर. चित्रात किंवा लेखनात जे मजकुरातून आलं त्याच्याखाली निळी रेघ, जे त्यानं स्वतः घातलं त्याच्याखाली लाल. एवढं केलं की अभंग जागच्या जागी शाबूत राहतो आणि मुलालाही आपलं किती, त्यांचं किती हे रोज दिसतं. मला वाटतं, तुमचे सहकारी यावर स्वतः लाल पेन्सिल घेऊन बसतील. त्यांना बोलवाच.

झाशीच्या राणीचं स्वगत बिघडलं त्याचं कारण वेगळं आहे. फार मोठ्या माणसाच्या तोंडी बोलायला दिलं की मुलं भाषण करतात, कारण त्या माणसाबद्दल त्यांनी भाषणंच ऐकलेली असतात. शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसाच्या डोळ्यांनी पाहायला द्या. आणि राणीच्या बाबतीत असा माणूस आपल्याच भाषेत लिहून गेला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, म्हणून चार पैसे दक्षिणा मिळेल या आशेनं १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, आणि नेमके बंडाच्या धुमाळीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीत होते. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला, आणि चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली छापला.

त्यात एक विहिरीवरचा प्रसंग आहे. झाशी हातची गेलेली, काल्पीच्या बाजूला वाटेत राणी तहानेनं व्याकूळ होऊन विहिरीशी येते. गोडसे तिथे असतात. ते पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढून घ्यायला तयार होत नाही, स्वतःच ओढते. घोडा उधळत तलवार उगारलेली राणी मुलांनी शेकडो वेळा पाहिली आहे. धुळीनं भरलेली, पाणी ओढणारी राणी कुणी पाहिलेली नसते.

हा उतारा वाचून झाला की चित्रासाठी एकच प्रश्न विचारा: गोडसे कुठे उभे आहेत? चित्र त्यांच्या जागेवरून काढायचं. राणी पाठमोरी दिसेल का? चेहरा दिसेल का? दोर कुणाच्या हातात आहे? मग लेखन गोडशांच्या काकांच्या किंवा एखाद्या वाटसरूच्या तोंडून, एक पान, आणि अट अशी की त्याला जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं. राणीच्या मनात काय होतं ते त्याला कळणार नाही, म्हणून ते लिहायचं नाही. या एका अटीनं मालिकेतले संवाद गळून पडतात. एखादा चुणचुणीत मुलगा विचारील की पंचवीस वर्षांनी लिहिलेलं सगळं बरोबर आठवत असेल का. तो प्रश्न आला की तास त्यावरच जाऊ द्या.

आठवणींचा विषय निघालाच आहे, तर जुन्या गद्यासाठी तुमच्या गावाला शोभेल असं एक काम सुचवते. 'लीळाचरित्र', म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, मुलांना कंटाळवाणं वाटतं, कारण त्यातल्या लीळा, म्हणजे एकेक प्रसंग, सुट्या आणि तुटक वाटतात. ते लिहिलं कसं गेलं हे कळलं की तो तुटकपणाच आवडू लागतो. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, ऐकलं होतं, अशा माणसांकडे जाऊन जाऊन एकेक आठवण गोळा केली. पंथाचे तेव्हाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेतली. ऋद्धिपूरला तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हे काम झालं. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, म्हणून पाठभेद आले. एकच गोष्ट दोघांनी वेगळी सांगितली, तर दोन्ही ठेवल्या. त्या वेगळ्या सांगण्याला महानुभावांच्या बोलीत 'वासना' म्हणतात.

तुमच्या मुलांनी म्हाइंभट व्हावं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुमच्या गावात प्रत्येकाला आठवतो. नववीतली मुलं तेव्हा फार लहान होती, त्यामुळे त्यांना विचारावंच लागेल. प्रत्येकानं दोन माणसांना भेटायचं, एकाच घटनेबद्दल विचारायचं. पाणी पहिल्यांदा कुठपर्यंत आलं, गुरं कुणी सोडली, होडी कोणत्या बाजूनं आली. पाच-सहा ओळींत लिहायचं, कुणी सांगितलं ते नोंदवायचं, आणि दोघांचं जुळलं नाही तर मिसळ करायची नाही, 'अमकी म्हणे असे, तमका म्हणे तसे' असं दोन्ही ठेवायचं. स्वतःची विशेषणं घालायची नाहीत. हे करून मुलं मूळ लीळेकडे परत आली की त्यांना कळतं की छोटं वाक्य लिहिणं किती अवघड आहे. आणि शाळेच्या हाती गावाची एक पोथी येईल, ती वेगळीच.

एका ठिकाणी मात्र मी कल्पनेला पूर्ण मनाई करते. मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. हा निबंध शिकवताना 'तुम्ही मुक्ता आहात अशी कल्पना करा' असं कृपा करून सांगू नका. तिनं कल्पना केली नव्हती, भोगलेलं लिहिलं होतं. वर्गात अशी मुलं असतील ज्यांच्या घरानं ते भोगलं आहे, आणि अशीही असतील ज्यांनी ते ऐकलेलंही नाही. दुसऱ्या गटानं तासाभरापुरतं ते दुःख अंगावर घेऊन सुंदर वाक्यं लिहावीत आणि पहिल्या गटानं ती ऐकत बसावं, हे मला सहन होत नाही. त्याऐवजी मुक्तानं जे केलं ते करायला द्या. स्वतःच्या नावानं, स्वतः पाहिलेल्या एका अन्यायाबद्दल, वर्तमानपत्राला पाठवायचं म्हणून एक पान. ती प्रश्न कसे विचारते, कुणाला उद्देशून विचारते, हे आधी निबंधात शोधायचं आणि तशीच मांडणी करायची. त्या वयाच्या मुलीनं छापील कागदावर समाजाला जाब विचारला, हे मुलांना स्वतः लिहायला बसल्यावरच उमगतं.

चित्र काढता न येणारी मुलं रडकुंडीला येतात, त्यांच्यासाठी चित्रकथीची गोष्ट सांगा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांची पोथी घेऊन बसतात. सुटी चित्रं, एकामागून एक समोर धरायची, आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. तिथे चित्र एकटं कधी उभं नसतं, त्याच्याबरोबर सांगणारा असतो. तुम्हीही चित्राला गुण देऊ नका. मुलानं चित्र धरून दोन मिनिटं बोलायचं आणि तुम्ही एकच विचारायचं, 'हे कोणत्या शब्दावरून काढलंस?' शब्द दाखवता आला तर गुण. मग काठ्याकुठ्यांची माणसं काढणारा मुलगाही पुढे येतो, आणि सुबक चित्रं काढणाऱ्यालाही पुस्तक उघडावं लागतं. रंगपेट्या, कार्डशीट, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले कागद, यांतलं काही नको. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनाला ते शोभतं, तासाला वेळ खातं. वहीचं मागचं पान आणि पेन्सिल पुरे.

पोर्शनचं म्हणाल तर मुख्याध्यापकांचंही ऐकायला हवं. प्रत्येक पाठाला हे करायचं नाही, सत्रात एकच निवडा आणि त्याला तीन तास द्या. पहिल्या तासाला वाचन आणि पेन्सिलीचं चित्र, दुसऱ्याला चित्रांतून निघालेले शब्द, तिसऱ्याला लेखन. बाकी पाठ नेहमीसारखे. अंतर्गत मूल्यमापनात या कामाची नोंद करता येते, आणि रसग्रहणाच्या उत्तरात फरक दिसतो. मुलं स्वतःचं एखादं वाक्य लिहू लागतात, ते मुख्याध्यापकांना दाखवा. त्या पालकांना पत्र-बित्र लिहू नका, मुलं चित्र धरून सांगतात त्या तासाला येऊन बसा म्हणावं.

आणि जनाबाई राहिलीच. 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' पुन्हा घ्या, पण या वेळी विठोबा नाही, जनाबाईही नाही, फक्त जातं. दोन्ही तळ्या, खुंटा, आणि वैरण कुठून घालतात ते. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आजीला विचारून यायचं. एखाद्या आजीला वर्गात बोलावता आलं तर फार बरं. जातं फिरवताना ओवी कुठे थांबते आणि श्वास कुठे घेतात ते मुलांना ऐकू द्या.

सुरुवात मात्र ताटीपासूनच करा. सोमवारच्या तासाला अर्थ सांगू नका, फळ्यावर काही लिहू नका. चार ओळी दोनदा मोठ्यानं वाचा, चित्र काढायला द्या, कोपीचं दार पाहून आलेल्यांना बोलू द्या. आणि कुणी विचारलं नाही, तर तुम्ही विचारा: ती ढकलत का नाही?

मुलं काय उत्तर देतात ते मला कळवा.

तुमची
ताई